सांभाळेल त्याचं पुस्तक

१५ ऑगस्ट १९९५, मंगळवार
झेंडावंदनाला गेलो नाही. त्याहून मोठं काम हाती घेतलं आहे. आजपासून घरातल्या सगळ्या पुस्तकांची शिस्तशीर मांडणी. दसऱ्यापर्यंत पूर्ण. म्हणजे सात आठवडे. मला चार पुरतील, वरचे तीन घरच्यांच्या आळसासाठी धरले आहेत.

कारण असं. आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या ग्रंथसमितीवर एक जागा रिकामी झाली आहे. वाचनालयात कोणती पुस्तकं घ्यायची ते ही समिती ठरवते. थोडक्यात, साताऱ्याने काय वाचावं हे यापुढे मी ठरवणार. ग्रंथपाल क्रांती साळुंखे (वय तिशीच्या आत, सायकलवरून हिंडते) परवा मंडईत भेटली. म्हणाली, समितीवर खरा वाचणारा माणूस हवा असं सगळ्यांचं म्हणणं आहे, तुमच्या संग्रहाबद्दल ऐकून आहे, दसऱ्याला सोनं द्यायला येईन तेव्हा बघीन. मग कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता विचारलं, सध्या काय वाचताय? हा काय प्रश्न झाला? डॉक्टर पोट साफ होतं का विचारतात तसा. मी म्हणालो, बरंच.

दुपारी ३. माळ्यावरून पहिलं पोतं खाली घेतलं. शी. झुरळांची अंडी, उंदराच्या लेंड्या आणि एका जाड कादंबरीत पान ६४ वर चपटी झालेली पाल. कुणीतरी तिच्यावर पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलंच नाही. असल्या वाचकांचं काय करावं.

४.३०. हात तीनदा डेटॉलने धुतले. बाकीची पोती उद्या.

१६ ऑगस्ट, बुधवार
नाक वाहतंय. ऑफिसला रजा. पुस्तकं काढली नाहीत, पण योजना कागदावर उतरवली. पाटबंधारे खात्यात सत्तावीस वर्षं आवक-जावक सांभाळली आहे. योजना म्हणजे निम्मं धरण.

अंदाजे अकराशे चाळीस पुस्तकं. सध्या ती माळ्यावर, पलंगाखाली, तांदळाच्या डब्यामागे आणि बाथरूमच्या खिडकीत तीन. तिथली काच फुटली तेव्हा पद्माने ती लावून टाकली. या बाईबरोबर मी चोवीस वर्षं काढली आहेत.

२० ऑगस्ट, रविवार
दाखल रजिस्टर सुरू. अक्षर चांगलं म्हणून ज्ञानदाला बसवलं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रविवारी लोळत असते. मी सांगणार, ती लिहिणार. दुपारी बघतो तर कार्टीने रकाने आखलेत: क्रमांक, नाव, लेखक, कुठून आलं, वाचलं का.

शेवटचा रकाना कुणी सांगितला होता? म्हणाली, बाबा, वाचनालयात विचारतात. म्हटलं, खोडून टाक. तिने एकशे वीस पानं शाईने आखून ठेवली होती. मग मी तोडगा काढला. त्या रकान्यात सगळीकडे 'वाचनात' असं लिहायचं. खोटं नाही ते. पुस्तक घरात आहे म्हणजे एका अर्थी ते वाचनातच आहे.

दिवसभरात एकोणीस नोंदी. पुस्तकांची अवस्था बघून जेवण गेलं नाही. पानं उलटायला लोक बोटं चाटतात, त्याचे डाग. डोक्याच्या तेलाचे डाग. एकात शेंगदाण्याची टरफलं. एकात कुणीतरी नखं कापून ठेवलीत. वाचणारा समाज म्हणजे काय घाणेरडा प्रकार आहे हे बाहेरच्याला कळायचं नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार
आणखी एक किळसवाणी सवय लक्षात आली. लोक पुस्तकांवर आपली नावं लिहितात. आज पहिल्या शंभर पुस्तकांची पहिली पानं तपासली. एकोणसत्तरांवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव. काही माझे सांगलीचे सहकारी, काही शेजारी, दोन मयत. एकावर 'कु. पद्मा आठवले, इयत्ता अकरावी'. ते सोडून देऊ, लग्नात सगळंच आलं. अकरांवर वाचनालयाचाच शिक्का.

ज्ञानदाने विचारलं, बाबा, 'कुठून आलं' मध्ये काय लिहू? म्हटलं, 'संग्रहातून'.

संध्याकाळी नीट विचार केला. ही पुस्तकं मी ढापली का? मुळीच नाही. मी ती सांभाळली. या लोकांकडे असती तर कधीच रद्दीत गेली असती. आणि सांभाळणाऱ्याचा हक्क या देशात कायद्याने मानलेला आहे. आमच्या अण्णांची, म्हणजे माझे वडील कै. विष्णुपंत मोडक यांची, उंब्रजजवळ सात एकर काळीभोर जमीन होती. कूळकायदा आला. कसेल त्याची जमीन. कसत होता तात्याबा. झालं, जमीन तात्याबाची. आज तिथे ऊस उभा आहे आणि दारात जीप, आणि मी एस.टी.ने ऑफिसला जातो. त्या कायद्याचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. पण कायदा तो कायदा, एकालाच लागू करून कसं चालेल? कसेल त्याची जमीन, तर सांभाळेल त्याचं पुस्तक.

जेवताना हे पद्माला समजावून सांगितलं. ती पोळी तव्यावर टाकत म्हणाली, जमिनीचं मामंजी तसं म्हणत नसत. बायकांना सात-बारा कळत नाही.

२७ ऑगस्ट, रविवार
रबरी शिक्का करून आणला. 'सुमंत विष्णुपंत मोडक, वैयक्तिक ग्रंथसंग्रह, सातारा'. शिक्केवाल्याने छोटा साइज दाखवला होता. मी मुद्दाम मोठा घेतला, म्हणजे खालची जुनी नावं झाकली जातात. दीडशे पुस्तकांवर मारला. बोटं जांभळी. दोन ठिकाणी उलटा पडला.

शेजारच्या रंगुबाई हरतालिकेच्या पूजेचं काहीतरी विचारायला डोकावल्या. व्रतकथांचं एक पुस्तक पद्माकडे दिलेलं होतं म्हणे, सापडतंय का? सांगितलं, काम चालू आहे, नंतर बघू. हळदीकुंकवाने पिवळं-लाल झालेलं ते गलिच्छ पुस्तक माझ्या हातातच होतं. दाखल क्रमांक १३७.

३० ऑगस्ट, बुधवार
कपाटासाठी जोतीराम सुताराला बोलावलं. भिंत साडेसात फूट बाय नऊ. मी सांगितलं, अख्ख्या भिंतीचं, एकाच पिसात, सागवानी. तो कानामागची पेन्सिल काढून म्हणाला, सायेब, दोन तुकडं करू, मागनं जोडू. म्हटलं, ग्रंथांचं कपाट तुकड्यात नसतं. त्याने विडी विझवली, थोटूक माझ्या दारात टाकलं आणि म्हणाला, बरं, तुमी म्हनताय तसं. गणपती उठले की देतो.

म्हणजे आठ सप्टेंबरला. माझ्या वेळापत्रकात अगदी बसतं.

३ सप्टेंबर, रविवार
सकाळी लालासाहेब आला. आमच्या जुन्या कुळाचा, त्या तात्याबाचा मुलगा. साताऱ्यात काम निघालं की येतो आणि शेंगांचं पोतं टाकतो. आमच्याच जमिनीतल्या शेंगा आम्हालाच भेट. पद्मा हसत हसत घेते, वर चहा करते. मी त्या शेंगांना हात लावत नाही. (रात्री थोड्या खाल्ल्या. भाजलेल्या होत्या.)

जाताना दरवेळी विचारतो तेच विचारलं, ते पुस्तक वाचून झालं का? मी म्हणालो, चालू आहे.

ते पुस्तक म्हणजे तात्याबाच्या पलटणीतल्या कुणा सुभेदाराने लिहिलेल्या आठवणी. स्वखर्चाने सांगलीत छापलेल्या. खाकी कव्हर, जाड दोरा, कडा कापायचेही कष्ट घेतलेले नाहीत. एकोणऐंशी साली मी सांगलीला होतो तेव्हा यानेच आणून दिलं होतं, तुमालाबी वाचाय पायजे असं हाय त्यात, म्हणून. खेचरं, दारूगोळा आणि मातीची ढेकळं, यात मला काय वाचायला पाहिजे असणार? पहिली पंधरा-सोळा पानं चाळली होती. भाषा रांगडी.

पण आज तो नेहमीसारखा गेला नाही. चप्पल घालता घालता थांबला. म्हणाला, सुमंतराव, आण्णांचं डोळं गेलं बगा. (हाही बापाला अण्णाच म्हणतो.) त्यात त्यांच्यावर एक पान हाय. आमच्याकडलं पुस्तक गावभर फिरलं, शेवटी कुनाच्या तरी छपरात उंदरांनी खाल्लं. सुभेदारबी गेलं. म्हातारा म्हनतोय, मराय आदी एकदा ऐकीव. तेवडं पुस्तक तुमच्याकडंच ऱ्हायलंय.

मी म्हणालो, दसऱ्यानंतर बघू, सध्या दाखल करण्याचं काम चालू आहे. माणूस पुस्तक देतो आणि सोळा वर्षांनी मागतो. चिकाटीला काही मर्यादा? आमची सात एकर त्यांच्याकडे, त्यांचं एक पुस्तक माझ्याकडे. ओरडायचं कुणी?

शिवाय आता ते सोडणं शक्य नाही. वाचनालयाला परवा पाठवलेल्या माहितीपत्रकात मी लिहिलं आहे, 'लष्करी आठवणी हा माझ्या विशेष अभ्यासाचा विषय. संग्रहात एक अत्यंत दुर्मिळ ग्रंथ.' दुर्मिळ तर तो आहेच, लालासाहेबच म्हणाला.

९ सप्टेंबर, शनिवार
गणपती काल उठले. कपाट नाही. जोतीरामच्या दुकानात गेलो तर तो आरास मोडण्यात गुंतलेला. उद्यापासून पितृपक्ष. पद्माने सांगितलं, पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही, घटस्थापनेनंतर बघा. म्हटलं, अंधश्रद्धा. ती म्हणाली, आणा मग, पण मामंजींच्या श्राद्धाला ब्राह्मण कुठे बसवणार ते सांगा. पुस्तकं माजघरात जमिनीवर पसरलेली आहेत. चालायला फूटभर वाट.

१४ सप्टेंबर, गुरुवार
वर्गीकरण. वाचनालयवाले आकड्यांची परदेशी पद्धत वापरतात. मी स्वतःची 'मोडक पद्धत' बसवली. तीन वर्ग: उत्तम, मध्यम, त्याज्य. ज्ञानदाने विचारलं, वाचल्याशिवाय कसं ठरवणार? वासावरून कळतं असं सांगितलं. आणि खरंच कळतं. साठ पुस्तकं हुंगली. सगळी त्याज्य.

मग लेखकवार लावायला घेतली. 'क'पर्यंत गेलो. 'क' संपेना.

मग विषयवार. कविता आणि पाककृती एकाच ढिगात गेल्या, कारण दोन्हींवर तेलाचे डाग.

शेवटी उंचीप्रमाणे. उंच मागे, बुटकी पुढे, शाळेच्या फोटोसारखी. जगात याहून न्याय्य पद्धत नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार
आज गावात गणपती दूध पितोय. ऑफिस ओस पडलं. साहेबसुद्धा वाटी-चमचा घेऊन रांगेत. माझ्यासारख्या ग्रंथप्रेमी माणसाने हे असंच बघत राहायचं. (मीही गेलो होतो, फक्त निरीक्षणासाठी. माझ्या चमच्यातलं प्यायला नाही. सोंडेखाली चिकट चिकट झालं होतं.)

परत आलो तर कसर बुटक्यांपासून उंचांपर्यंत पोचली होती. चंदेरी, सुळसुळीत, बारीक पायांचे किडे. माझ्या घरात मनापासून वाचणारे एवढेच.

२६ सप्टेंबर, मंगळवार
काल घट बसले, आज कपाट आलं. टेम्पोतून सहा माणसांनी उतरवलं. सुंदर. साडेसात बाय नऊ, एकाच पिसात. दारापाशी आलं आणि थांबलं. दार साडेसहा बाय तीन.

तिरकं करून पाहिलं. उभं करून पाहिलं. मागच्या दाराने पाहिलं, तिथे तुळस. जोतीराम घाम पुसत म्हणाला, मी तवाच म्हनलं व्हतं सायेब. ही असली माणसं. आधी सांगायचं नाही आणि नंतर म्हणायचं, म्हटलं होतं.

कपाट ओसरीवर भिंतीला लावून ठेवलं. तूर्त. दार रुंद करायचा विचार आहे. घरमालकाने विचार करू नका असं सांगितलं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार
पुस्तकं ओसरीवरच्या कपाटात लावून झाली. एका दृष्टीने हे बरंच झालं. रस्त्यावरून दिसतं. येणारे-जाणारे थांबतात. पण थांबून गप्प बसतील तर शपथ. फाटक उघडून आत येतात, हात लावतात, चष्मा वर करून पहिलं पान बघतात. पोस्टमनने एक बाहेर काढलं आणि म्हणाला, हे आमच्या मेव्हण्याचं. मी पाटी लावली: 'ग्रंथांना हात लावू नये. ग्रंथ घरी नेण्यास मिळत नाहीत.' ज्ञानदा म्हणाली, बाबा, ही पाटी त्यांच्या घरी असायला हवी होती. कुणाच्या ते विचारलं नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी
सुटी. कपाटापुढे पाट मांडून सरस्वतीची पूजा केली. आपल्यात पूजेला मांडलेलं पुस्तक उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, वाचायचंही नाही. ही प्रथा मला लहानपणापासून प्रिय आहे. पूजेत मानाने मधे ठेवलं ते खाकी पुस्तक. क्रांती साळुंखेची नजर पहिली त्यावर गेली पाहिजे. झेंडूचा हारही त्यालाच.

भाषण तयार. 'या ग्रंथाने मला घडवलं' हे वाक्य आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं. बरोबर येतंय.

३ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा
सकाळी ७. मन प्रसन्न. नवा झब्बा. एक झुरळ मारलं, हाराखाली होतं.

रात्री ११. जे झालं ते क्रमाने लिहितो. आवक-जावकची सवय.

पाचपासून सोनं द्यायला माणसं येऊ लागली. आपट्याची पानं, नमस्कार, पेढा, आणि नजर कपाटाकडे. रंगुबाईंनी पाटावरचं १३७ ओळखलं. उचललं, कपाळाला लावलं आणि पिशवीत घातलं. पूजेतलं आहे म्हटलं तर म्हणाल्या, माझ्या घरी पण पूजाच आहे. त्यांचं बघून बाकीचे सोकावले. सोनं द्यायला आलेली माणसं पुस्तकं लुटू लागली. मी पाटीकडे बोट दाखवत होतो. एकाने माझ्या शिक्क्याखालचं स्वतःचं नाव नखाने खरवडून दाखवलं. ते नख काळं होतं.

सहा वाजता क्रांती साळुंखे आली. वाचनालयाची अकरा तिने एका दृष्टीत हेरली आणि वेगळी काढून कठड्यावर ठेवली. मी भाषण सुरू केलं. सांभाळेल त्याचं पुस्तक हे तत्त्व नीट समजावून सांगितलं. मग खाकी पुस्तकाकडे हात केला आणि म्हणालो, या ग्रंथाने मला घडवलं.

नेमकी तेव्हा फाटकाशी जीप थांबली. लालासाहेबाने तात्याबाला धरून आणलं. म्हातारा चौऱ्याऐंशीचा. पांढरा पटका, हातात काठी, डोळे दुधासारखे. त्याने चाचपत माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाला, सोनं घ्या धाकलं पंत. लालासाहेबाला पुस्तक दिसलं. म्हणाला, आवं, हितंच हाय की.

मी सांगितलं, उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवता येत नाही. शास्त्र आहे. उद्या बघू. तात्याबा खुर्चीत टेकून म्हणाला, मी थांबतो की. मला कुटं जायाचं हाय.

पद्मा आतून आली, पाटावर अक्षता टाकल्या, हार काढला आणि पुस्तक उचलून सरळ क्रांतीच्या हातात दिलं. चोवीस वर्षांत तिने माझ्या पुस्तकाला हात लावला नव्हता, खिडकीतली तीन सोडून.

क्रांतीने विचारलं, सर, तुमचा यावर अभ्यास आहे, यांच्यावरचं पान कोणतं? मी म्हणालो, मधे कुठेतरी. तात्याबा म्हणाला, एकशेबारा. आकडा ध्यानात हाय, मजकूर न्हाई ऱ्हायला.

तिने पुस्तक उघडलं. सोळाव्या पानापुढे पानं वेगळी होईनात. छापखान्यातून आली तशी घडीला घडी जोडलेली. तिने कड माझ्याकडे करून दाखवली. मुद्दाम नाही दाखवली, पण दाखवली. लालासाहेब वाकून बघत म्हणाला, सुमंतराव, जमीन आमी कसली तवा ती आमची म्हनली लोकांनी. ह्ये तर तुमी सोळा वर्सं पडच ठेवलंय की.

कुणी हसलं नाही. हसले असते तर मला चिडता आलं असतं.

ज्ञानदाने पट्टी आणून दिली. क्रांतीने पट्टी घालून घड्या फाडल्या. तीनदा चर्र झालं. मग ती उभ्यानेच मोठ्याने वाचू लागली. नंतर ते निघताना मी ते पान डोळ्यांनी पाहिलं, आणि आठवतं तसं इथे उतरवून ठेवतो:

'नाईक तात्याबा हा उंब्रजकडचा. इटलीत बर्फात खेचरे मेली तेव्हा दारूगोळ्याच्या पेट्या त्याने पाठीवरून डोंगरावर नेल्या, आणि येताना जखमी माणसे पाठीवरून खाली आणली. पुढे सन एक्कावन्न साली मी त्याच्या गावी गेलो, तेव्हा तो स्वतःच्या शेतात नांगर धरून होता. शेत मूळचे साताऱ्याचे विष्णुपंत मोडक यांचे. त्यांनी कुठल्या कायद्याची वाट न पाहता सात एकर त्याच्या नावे करून दिली व मोबदला घेतला नाही. मी पंतांना कारण विचारले. ते म्हणाले, मी या मातीत कधी पाय ठेवला नाही. नुसते कागद जवळ बाळगून मालक म्हणवून घ्यायची मला लाज वाटते.'

तात्याबा मान हलवत होता. आपल्या पाठीवरच्या पेट्यांचं ऐकताना हलवली नाही, पुढचं ऐकताना हलवली. म्हणाला, व्हय, असंच म्हनलं व्हतं थोरलं पंत. मी पलटनीतनं धाडलेली कागदं माज्या घरच्यांस्नी तेच वाचून दावायचं. मग माझ्या आवाजाच्या अंदाजाने तोंड वळवून म्हणाला, धाकलं पंत, तुमी तर ह्ये लय येळा वाचलं असंल.

मी हो म्हणालो.

ते पुस्तक घेऊन गेले. नेताना लालासाहेबाने विचारलंही, नेऊ न्हवं? क्रांती अकरा पुस्तकं सायकलच्या कॅरिअरला बांधून गेली. म्हणाली, समितीचं कळवते. रात्री उरलेली मोजायला घेतली. मोजवेना.

६ ऑक्टोबर, शुक्रवार
वाचनालयाचं पत्र आलं. ग्रंथसमितीवरची जागा भरण्यात आली आहे. सोबत सभासद होण्याचा कोरा फॉर्म. माझं सभासदत्व चौऱ्याहत्तर सालीच बंद झालं आहे असं क्रांतीने खाली हाताने लिहिलं आहे, आणि आनंदाने स्वागत करू, असंही.

कपाटाचे वरचे तीन कप्पे रिकामे आहेत. मधल्यात पद्माने पापडाचे डबे ठेवले. उरलेल्यांत माझी स्वतःची, विकत घेतलेली, त्रेचाळीस निघाली. त्यांतली निम्मी स्पर्धापरीक्षेची गाइडं.

दोन दिवस एकच डोक्यात आहे. लहानपणापासून मी सगळ्यांना सांगत आलो, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, एस.टी.त शेजारी बसेल त्याला, की आमची सात एकर गेली. लोक हळहळायचे. मला ते आवडायचं.

आज जेवताना पद्माला म्हणालो, एवढी मोठी गोष्ट अण्णांनी मला कधी सांगितली नाही. बापाने मुलाला सांगायला नको का? ती ताटात आमटी वाढत म्हणाली, सांगितली होती. दोनदा. एकदा ज्ञानदाच्या बारशाच्या आधी आणि एकदा ते गेले त्याच्या आदल्या वर्षी. इथेच, जेवताना. तुम्ही समोर पुस्तक उघडं धरून बसला होतात. मधेमधे हं हं करत होतात, म्हणून त्यांना वाटलं ऐकताय.

कोणतं पुस्तक होतं ते तिला आठवत नाही. मलाही आठवत नाही.